आक्कांचा रानभुईमूग

आक्का माणसाला नाव विचारायच्या आधी गाव विचारायच्या. एम.एस्सी.च्या पहिल्याच दिवशी मी उशिरा पोचले आणि वर्गाच्या दारात उभी राहून "मॅडम, मी..." एवढं म्हणते न म्हणते तोच त्यांनी खडूचा हात वर केला. "नाव मागनं सांग. कुठली तू?" मी म्हटलं, "वैरागची." "मग बस की तितं, माढ्याशेजारी." माढा म्हणजे कोण ते मला कळेना. तेवढ्यात दुसऱ्या बाकावरची एक मुलगी सरकली आणि तिनं मला जागा करून दिली. तेव्हापासून दोन वर्षं मी वैराग होते आणि ती माढा. आईवडिलांनी हौसेनं ठेवलेलं माझं नाव हजेरी सोडली तर त्या खोलीत कुणी घेतलंच नाही.

त्या स्वतः होटगीहून यायच्या. माहेर अक्कलकोटकडचं, त्यामुळे घरात कानडी, दाराबाहेर मराठी, आणि वैतागल्या की दोन्ही एकदम. खूश असल्या तरी एकदम. सुरुवातीला आम्ही त्यांना रीतसर मॅडम म्हणत होतो. मग एकदा माढा चुकून आक्का म्हणून गेली आणि जीभ चावून बसली. तर त्या म्हणाल्या, "आक्काच बरं हाय. मॅडम म्हटलं की मी मागं वळून बघते, कोण आलं म्हणून." मग कसलं काय, महिन्याभरात शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांच्या त्या आक्का झाल्या.

विषय बायोइन्फर्मॅटिक्स. नाव ऐकूनच माझ्या वडिलांनी हात टेकले होते. पण आक्कांनी तो पहिल्या तासात सोपा करून टाकला. कुठल्याही जिवाचा डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांची लांबच लांब रांग. तिला सिक्वेन्स म्हणायचं. यंत्रानं ती वाचून दिली की इंटरनेटवरच्या डेटाबेसमध्ये नेऊन चिकटवायची. तिथं जगभरच्या लोकांनी आपापल्या झाडांच्या, किड्यांच्या, जंतूंच्या लाखो रांगा आणून ठेवलेल्या असतात. ब्लास्ट नावाचं टूल तुमची रांग त्या सगळ्यांशी ताडून बघतं आणि चहाचा घोट घेईपर्यंत सांगतं, ही अमक्याशी इतके टक्के जुळते. आम्हाला तर ही जादूच वाटायची. आम्ही यादीतलं पहिलं नाव वहीत उतरवायचो आणि मोकळे व्हायचो.

आक्का मोकळं होऊ देतील तर ना! मागे येऊन उभ्या राहायच्या आणि पडद्यावरच्या त्या नावाकडे बोट करून विचारायच्या, "कुठलं हाय हे?" म्हणजे हा सिक्वेन्स कुणी जमा केला, कुठल्या रानातून, कधी, आणि ते झाड ओळखलं कुणी? "ब्लास्ट म्हणजे वधूवर सूचक मंडळ हाय. त्यांचं काम स्थळं दाखवायचं. पोरगी द्यायची का न्हाय ते आपण घरी येऊन, चार ठिकाणी विचारून ठरवायचं. नव्व्याण्णव टक्के जुळलं म्हणता, पण किती लांबीवर जुळलं? नुसतं नाक जुळलं म्हणून भाऊ म्हणायचं का?" मग आम्ही एकेक नोंद उघडून बसायचो. खरं सांगते, निम्म्या नोंदींमध्ये गावच लिहिलेलं नसायचं. आक्का तोंड वाकडं करायच्या आणि म्हणायच्या, "बघा, जगभर हीच तऱ्हा."

त्यांची आणखी एक सवय म्हणजे पत्रं लिहिणं. एखादी नोंद संशयास्पद वाटली की ती जमा करणाऱ्या माणसाचा पत्ता हुडकून त्या थेट ईमेल टाकायच्या, मग तो माणूस जपानात असो की पेरूत. इंग्रजी होटगीचंच, पण आदब एवढी की वाचणाऱ्यानं उभं राहून वाचावं. आपलं कुशल, त्यांचं कुशल, तिकडे पाऊस कसा आहे, आणि शेवटी, "हे पान आपण कुठल्या डोंगरावर तोडलं ते कृपया कळवावे." आम्ही तोंडावर हात धरून हसायचो. पण लोक उत्तरं द्यायचे! ब्राझीलच्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं त्या डोंगराचा फोटो पाठवला, त्यात त्यांचं कुत्रंही होतं. जपानच्या एका बाईंनी कबूल केलं की दोन बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती, आणि नोंद दुरुस्त केली. एकानं मात्र तीन ईमेलांना उत्तर दिलं नाही. आक्कांनी त्याचा सिक्वेन्स त्यानंतर कधी वापरू दिला नाही. म्हणायच्या, "उत्तर देत न्हाय म्हणजे घरात कायतरी लपवलंय."

हे सगळं चालायचं कॉलेजच्या इंटरनेटवर, आणि ते इंटरनेट पाव्हण्यासारखं यायचं. नसलं की आक्का आपला मोबाइल डब्याच्या पिशवीत घालून खिडकीच्या गजाला टांगायच्या. तिथंच काय ती रेंज मिळायची. त्या एका फोनवर आमचे सगळे संगणक चालायचे. खाली सायकल स्टँडवरची मुलं वर बघून विचारायची, "आक्का, काय वाळत घातलंय?" आक्का वरनं सांगायच्या, "भुताचा डीएनए."

एक वाजला की सगळं बंद. प्रयोगशाळा आणि कार्यालय यांच्या मधल्या खोलीत एक लांब टेबल होतं, त्याच्याभोवती आख्खा विभाग जेवायला बसायचा. प्रयोगशाळेत मात्र अन्नाचा कण न्यायचा नाही, असा आक्कांचा कडक कायदा. माढानं एकदा तोंडात बडीशेप ठेवून पिपेट हातात घेतलं, तर तिला बाहेर काढून खळखळून चूळ भरायला लावली. मधल्या खोलीत मात्र आक्कांचं राज्य. कडक भाकरीची चवड, दही, आणि शेंगाचटणीचा मोठा डबा. उखळात कुटलेले दाणे, सुटलेलं तेल आणि भरपूर लसूण. ही चटणी न खाता कुणी उठलं तर आक्का त्याच्या तब्येतीची चौकशी करायच्या.

आमचे विभागप्रमुख, मोठे सर, या चटणीचे पहिल्या नंबरचे गिऱ्हाईक. (मोठे सर हे हुद्द्यानं. उंचीनं ते माझ्या खांद्याला लागायचे.) पण त्या वर्षी त्यांना नवी कवळी बसली आणि चटणीचे कण नेमके तिच्याखाली जाऊन बसायला लागले. सर बिचारे नुसतं दही-भाकरी खाऊन उठायला लागले. आक्कांना ते बघवेना. मग त्या रोज सरांच्या वाटणीची चमचाभर चटणी वेगळी काढून अगदी पिठासारखी बारीक खलून द्यायच्या. कशात खलायच्या तर प्रयोगशाळेच्या कपाटातल्या पांढऱ्या चिनीमातीच्या खलात. मी एकदा भुवया उंचावल्या, तर म्हणाल्या, "बाहेर आणूनच खलते की. आन् साबणानं धुऊन ठेवते." कायदा करणारीनंच पळवाट काढली म्हटल्यावर आम्ही काय बोलणार? आम्हीही हसून सोडून दिलं.

आता जरा गंभीर गोष्ट सांगते. आक्का कायम नव्हत्या. कित्येक वर्षं त्या तासिका तत्त्वावर शिकवत होत्या. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये नारळ, पुन्हा जूनची वाट. त्या वर्षी विभागात एक कायम जागा निघाली. आणि त्याच सुमारास त्यांच्या यजमानांच्या बदलीचा हुकूम आला, हुबळीला. ते रेल्वेत सिग्नलच्या कामावर, अतिशय शांत माणूस. आक्का कायम झाल्या तर ते बदली रद्द करण्यासाठी अर्ज करणार होते. नाही झाल्या तर घर आवरून हुबळी. होटगीचं घर, दारातला कढीपत्ता, ओळखीची गाडी, आणि आम्ही, सगळं त्या एका मुलाखतीवर टांगलेलं. आक्का तसं बोलून दाखवायच्या नाहीत. पण मुलाखतीचा विषय निघाला की त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागायच्या, ते मी बघितलं होतं.

जागेसाठी शोधनिबंध लागतात, आणि आक्कांचं घोडं तिथंच अडलं होतं. पत्रं लिहून जगाच्या चुका दुरुस्त करणाऱ्या बाईला स्वतःच्या नावावर काही छापायला वेळच झाला नव्हता. अशात ती वेल आली. होटगीच्या रेल्वे क्वार्टरमधून स्टेशनकडे येताना मधे एक माळ लागतो, तिथं आक्कांना जमिनीलगत पसरलेली पिवळ्या फुलांची एक वेल दिसली. नाव कुणी छातीठोक सांगेना. एक गुराखी म्हणाला, "जनावरं खातात," आणि त्याच्या दृष्टीनं विषय संपला. आक्कांनी रुमालात बांधून फांदी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. "वैराग, हा तुझा प्रोजेक्ट. ही कुणाची कोण ते काढ."

मी खलात पानं वाटली. पान इतकं चिकट की डीएनए धड सुटा होईना. कसाबसा थोडासा मिळाला, तो वाचायला पुण्याला पाठवला. सिक्वेन्स आला तो मी ब्लास्टला दिला आणि यादीतलं पहिलं नाव बघून खुर्चीतून उठलेच. भुईमूग! जवळजवळ शंभर टक्के, दोनच अक्षरांचा फरक. आणि वेल भुईमुगाची नाही हे तर डोळ्यांना सरळ दिसत होतं. म्हणजे भुईमुगाचा रानटी भाऊ? भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला, त्याची सगळी रानटी भावंडं तिकडेच. एक भाऊ इथं होटगीच्या माळावर सापडला तर जगानं सोलापूरला यायला हवं.

मोठे सर तर नाचायचेच राहिले. प्राचार्यांना सांगितलं, एका वार्ताहराला सांगितलं, आणि आक्कांच्या अर्जात "रानटी भुईमुगाचा शोध" अशी ओळ स्वतःच्या हातानं घातली. शनिवारी आक्का सुट्टीवर असताना डेटाबेसमध्ये नोंदही करून टाकली. आणि आक्का? त्याही माणूसच होत्या. बातमी ऐकून त्या दिवशी त्यांनी दोन तास एकत्र घेतले आणि दोन्हींमध्ये मधेच हसत राहिल्या. घरी यजमानांनी बदली रद्द करायचा अर्ज लिहायला घेतला, हे त्यांनीच मला जिना उतरताना सांगितलं. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा जिन्यावर गुणगुणताना ऐकलं.

सोमवारी मात्र त्या आल्या त्या थेट माझ्या संगणकापाशी. "वैराग, कुठलं हाय हे?"

मी म्हटलं, "होटगीचं. तुमीच आणलंय की, आक्का."

"वेल होटगीची. ही अक्षरं कुठली?"

मला प्रश्नच कळला नाही. त्या म्हणाल्या, "एक काम कर. सगळं पुन्हा कर, पहिल्यापासनं. तोच खल, तीच औषधं, त्याच नळ्या. फक्त पान घालू नको." म्हणजे कोरी नळी. कोऱ्या नळीत काहीच निघायला नको. निघालं तर समजायचं की बाहेरून काहीतरी शिरलंय. मला मनातून राग आला होता. एवढा घास तोंडाशी आलाय आणि या बाई त्यात खडे शोधतायत. तरी केलं.

कोऱ्या नळीतूनही अक्षरं निघाली. पुण्याहून वाचून आली. ब्लास्टला दिली. यादीतलं पहिलं नाव, भुईमूग.

आम्ही दोघी पडद्याकडे बघत बसलो. पान नाही, फूल नाही, तरी भुईमूग उगवला होता. आक्का उठल्या, कपाटापाशी गेल्या, तो पांढरा खल काढला आणि नाकाशी धरला. मग मला म्हणाल्या, "हितं ये. हुंग." मी हुंगलं. साबणाचा वास होता, आणि साबणाच्या खाली, अगदी खोलवर, लसूण. मी म्हटलं, "आक्का, चटणी." आणि आक्का हसायला लागल्या. स्टुलावर बसल्या, खल मांडीवर, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "अय्यो, वैराग, आपण माझ्या चटणीचा सिक्वेन्स काढलाय गं. लसूण बिचारा मागं राहिला." मीही हसले. दाणे भाजले, कुटले, तरी त्यांच्या डीएनएचे तुकडे तगून राहतात, आणि खलाच्या खरबरीत पोटात ते रोज थोडे थोडे साठत गेले होते. वेलीचा डीएनए होताच नावापुरता. चटणीनं मैदान मारलं. राहिला तो दोन अक्षरांचा फरक, तर तो वाचण्यातला दोष होता. हसणं थांबल्यावर आक्कांनी डोळे पुसले, आणि पुसतच राहिल्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मुलाखत चार दिवसांवर आली आहे.

मग सरांना सांगितलं. प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. सर म्हणाले, "आक्का, मुलाखत होऊ द्या. मग दुरुस्ती करू. तुमच्या हातून प्रामाणिक चूक झाली आहे, त्यात काय एवढं?"

आक्का म्हणाल्या, "प्रामाणिक व्हती सर, सकाळपातूर. आता कळल्यावर न्हाय."

"चार दिवसांचा प्रश्न आहे हो. कोण बघतंय?"

"ब्राझीलचा म्हातारा बघतोय की. भुईमुगाचं काय नवीन आलं की तो आधी उघडतो. त्यानं मला विचारलं, कुठल्या डोंगरावर तोडलं, तर काय सांगू?"

सरांनी खूप समजावलं. मीही, सरांच्या बाजूनं. मला आक्का कायम व्हायला हव्या होत्या, बाकी काही नको होतं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सुम्ने," म्हणजे आता पुरे. मग फोन पिशवीत घालून खिडकीला टांगला आणि डेटाबेसवाल्यांना पत्र लिहायला बसल्या. नोंद मागे घ्यावी, कारण नमुन्यात शेंगाचटणी मिसळली आहे. दुसऱ्या दिवशी तिकडच्या एका बाईंचं उत्तर आलं. नोंद काढली आहे, पण शेंगाचटणी म्हणजे नेमकं काय? आक्कांनी सगळी कृती लिहून पाठवली. दाणे किती भाजायचे, मिरची कधी घालायची, आणि मिक्सरमध्ये का करायची नाही. खल कुठला घ्यायचा नाही, तेही लिहिलं.

मुलाखतीत काय झालं ते मला मोठ्या सरांनी सांगितलं, ते समितीत बसले होते. बाहेरगावच्या तज्ज्ञांनी अर्ज चाळला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हा रानटी भुईमुगाचा शोध फार मोठा दिसतो. त्याबद्दल सांगा." आक्कांनी सांगितलं, "ती ओळ खोडा सर. रानटी भुईमूग न्हाय, ती माझी चटणी व्हती." आणि मग खल, लसूण, कोरी नळी, सगळं सांगितलं. समिती पोट धरून हसली. सर म्हणाले, "मला राहवलं नाही. मी उभा राहिलो आणि सांगितलं की चूक त्यांची नाही, माझ्या कवळीची आहे." तेव्हा तर म्हणे त्या तज्ज्ञांना पाणी द्यावं लागलं. मुलाखत ठरल्या वेळेपेक्षा बरीच लांबली. निघताना तज्ज्ञ दारापर्यंत पोचवायला आले.

आणि जागा दुसऱ्याला मिळाली. त्याचे शोधनिबंध जास्त होते. मुलगा हुशार होता, आमच्यानंतरच्या मुलांना त्यानं चांगलं शिकवलंही. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. थोडीशी आहे.

निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही वर्गात माना खाली घालून बसलो होतो. आक्का आल्या, आमच्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोण गेलंय का?" कुणी हसेना. "मग पुस्तकं काढा. अभ्यासक्रम माझ्यासाठी थांबणार न्हाय." आणि त्यांनी नेहमीसारखं शिकवलं. फक्त तास संपल्यावर फळा पुसायला विसरल्या. तो माढानं पुसला.

जायच्या आधी एका रविवारी त्यांनी आम्हाला होटगीला बोलावलं. नवा खल विकत आणला होता, त्याला त्यांनी कुंकू लावलं नाही एवढंच. माळावर जाऊन आम्ही त्या वेलीची ताजी पानं तोडली. आक्कांचे यजमान छत्री धरून आमच्याबरोबर उन्हात हिंडले आणि सबंध दिवसात "पाणी घ्या" याशिवाय काही बोलले नाहीत. या वेळी औषध बदललं, पान नीट वाटलं गेलं, कोरी नळी कोरीच राहिली. सिक्वेन्स आला. ब्लास्टनं नाव सांगितलं, आणि ते एका साध्यासुध्या रानवनस्पतीचं निघालं, देशभर आढळणाऱ्या. डेटाबेसमध्ये तिच्या ढीगभर नोंदी आधीच होत्या. आक्कांनी तरी एकेक उघडून बघितली आणि मगच मान हलवली. "बरोबर हाय. हिचंच हाय हे." मग आमची एक नोंद त्यात घातली, गावासकट.

आता मी पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करते. तिथं पेशंटांचे सिक्वेन्स येतात, आणि अहवालाखाली माझी सही लागते. कोरी नळी कोरी निघाल्याशिवाय मी सही करत नाही. वरचे लोक वैतागतात, म्हणतात, बाई फार वेळ लावतात. लावते. ज्याला घाई आहे त्यानं स्वतः सही करावी.

आक्का गेल्या त्या दिवशी मी होटगी स्टेशनवर गेले होते. मेचं ऊन, फलाटावर त्यांचं सामान, त्यात कढीपत्त्याचं रोप एका डब्यात. आक्का सगळ्यांशी हसून बोलत होत्या. स्टेशनवरची निम्मी माणसं त्यांना ओळखत होती. कुणी केळी दिली, कुणी पाण्याच्या बाटल्या. हुबळीला कशी मजा आहे, तिथं उन्हाळा कसा कमी असतो, शेजारी कानडी बोलणारे मिळणार, असं त्याच सगळ्यांची समजूत काढत होत्या. मला मात्र त्या वेलीचा राग आला होता, सरांच्या कवळीचा आला होता, आणि खरं तर आक्कांचाही आला होता.

गाडीची घंटा झाली तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आक्का, चार दिवस गप्प बसला असता तर आज हितंच असता."

मला वाटलं, त्या काहीतरी चांगलं ऐकवतील, वर्गात ऐकवायच्या तसं. पण त्या रुळाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "व्हय. असते."

आणि अगदी हळू, "मला ती नोकरी लई पाहिजे व्हती गं."

एवढंच. दोन वर्षांत त्यांनी हे कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं, सरांजवळ नाही, आणि मला वाटतं, घरीही नाही. मी त्यांचा हात धरला. आम्ही दोघी भर फलाटावर रडलो, आणि त्यांचे यजमान, सगळा जन्म रेल्वेत काढलेला माणूस, दोन्ही हातांत बाटल्या घेऊन शेजारी उभे राहिले आणि येणाऱ्या गाडीकडे न बघता आमच्याकडेच बघत राहिले.